डायटमच्या कवचात आधी फट शोधा

वांद्र्याच्या बँडस्टँडला ओहोटीच्या वेळी खडकांवर उतरलात आणि पाय सटकला, की शिव्या हिरव्या शेवाळाला पडतात. वाकून नीट बघितलं तर हिरव्याच्या बाजूलाच एक तपकिरी, साबणासारखा बुळबुळीत थर दिसतो. तो नखाने खरवडून काचपट्टीवर घ्या, वर पाण्याचा थेंब टाका आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. होड्या, चकत्या, दांड्या, त्रिकोण असं काहीबाही दिसायला लागतं, आणि प्रत्येकाभोवती काचेचं, म्हणजे सिलिकाचं, नक्षीदार कवच. हेच डायटम, एकाच पेशीचं शैवाल.

कॉलेजातला साधा सूक्ष्मदर्शक ज्यांच्या हाताशी आहे आणि ज्यांना ही कवचं शेजारी शेजारी ठेवून कोण कुणाचा नातलग हे समजून घ्यायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नाव शोधायची घाई असेल तर निराशा होईल. नाव सगळ्यात शेवटी येतं, आणि पहिले सहा महिने आलं नाही तरी काही बिघडत नाही.

करंडा आणि त्याच्या दोन बाजू

मराठीतल्या जुन्या शास्त्रीय लिखाणात डायटमला 'करंडक' म्हटलेलं सापडतं. ज्याने हा शब्द योजला त्याने नक्की सूक्ष्मदर्शकातून पाहिलं असणार. कुंकवाच्या करंड्यासारखंच हे कवच दोन भागांचं असतं: वरचं झाकण थोडं मोठं, खालचा भाग त्यात बसणारा. या दोन्ही भागांना व्हॉल्व्ह म्हणतात. दोघांच्या मध्ये सिलिकाचेच पातळ कंबरपट्टे असतात.

आता घरातला गोल डबा घ्या. वरून बघितला तर गोल, बाजूने बघितला तर आयत. डायटमचंही तेच. पिन्युलॅरिया वरून लांबट, गोल टोकांचा दिसतो आणि कुशीवर वळला की सरळ चौकोनी ठोकळा. नवा माणूस इथेच हमखास फसतो आणि एका डायटमच्या दोन जाती वहीत लिहून मोकळा होतो. उपाय सोपा आहे. पाण्यातल्या जिवंत पेशीवर बघता बघता आच्छादन काच पेन्सिलीच्या टोकाने हलकेच दाबा. पेशी गडगडते आणि दोन्ही बाजू दाखवते.

नमुना कुठून, कधी

किनाऱ्यावर जायचं तर ओहोटी गाठावी लागते. ॲप आहेतच, पण किनाऱ्यावरचा जुना हिशोब जास्त लक्षात राहतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, आणि त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. तृतीयेला सव्वादोनला भरती, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास खडक उघडे. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पावसाळ्यात खडकांवर जाऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

गोड्या पाण्यासाठी पवई तलावाचा काठ पुरतो. पाण्यात उतरू नका, तिथे मगरी आहेत. काठावरचा तळहाताएवढा दगड किंवा जलपर्णीची मुळं हाताला लागली तरी काम भागतं. तुळशी तलावाचा मोह आवरा. तो राष्ट्रीय उद्यानात आहे आणि तिथून वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलायचं नसतं.

दगड ताटलीत ठेवून थोड्या पाण्यात टूथब्रशने घासायचा आणि ते तपकिरी पाणी बाटलीत ओतायचं. बाटलीवर तारीख, जागा, पाणी गोडं की खारं, दगड की वनस्पती की चिखल, एवढं जागेवरच लिहायचं. एकदा खडक घासत बसलो होतो तेव्हा जाळं घेऊन चाललेल्या एका कोळी काकांनी विचारलं, "काय खरवडतंस रं?" म्हटलं, "काका, या तपकिरी थरात जीव आहेत." त्यांनी पायाने थर घासून बघितला, "जीव हाय म्हणून तर मासा इथं चरतो," म्हणाले आणि पुढे गेले.

ब्रशबद्दल मात्र दोन शब्द जास्त लिहायला हवेत. माझ्या पहिल्याच वर्षी पवईच्या एका स्लाइडवर मला ग्रॅमॅटोफोरा सापडला. लांबट चौकोनी पेशी आणि आत दोन्हीकडून आलेले नागमोडी पडदे. ओळखायला इतका सोपा की चूक होणं शक्य नाही, आणि तो फक्त समुद्रात राहतो. गोड्या पाण्यात समुद्री डायटम! दोन रात्री झोप नव्हती. पवईला खाडीचं पाणी कुठून शिरत असेल याचा नकाशासुद्धा काढला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आदल्या रविवारी तोच ब्रश बँडस्टँडला वापरला होता. ब्रशच्या केसांत कवचं अडकून राहतात आणि कितीही धुतलं तरी निघत नाहीत. प्रत्येक नमुन्याला नवा ब्रश घ्या. स्वस्तातला चालतो.

आधी जिवंत बघा

स्वच्छ करायच्या घाईत जिवंत पेशी बघायच्या राहून जातात. तसं करू नका. हरितकणूंची, म्हणजे उजेडावर अन्न बनवणाऱ्या पेशीतल्या कणांची, मांडणी नंतर उपयोगी पडते. चकतीसारख्या गोल डायटममध्ये बहुधा पुष्कळ छोटे हरितकणू विखुरलेले असतात. नॅव्हिक्युलात दोन लांब पट्ट्या दोन्ही बाजूंना चिकटून असतात. निट्झशियातही दोनच, पण एकामागे एक, आणि मधली जागा मोकळी. रंग सोनेरी-तपकिरी, तो फ्युकोझँथिन नावाच्या रंगद्रव्यामुळे.

हालचालही बघा. काही होड्या सरळ रेषेत सरकतात, थांबतात, उलट्या जातात. शेपूट नाही, वल्हं नाही. कवचाच्या लांबीत एक बारीक फट असते, तिला रॅफी म्हणतात. त्या फटीतून चिकट द्रव बाहेर येतो, तो खालच्या पृष्ठभागाला धरतो आणि पेशी सरकते. ज्यांना फट नाही त्यांना असं सरकता येत नाही. ही गोष्ट पुढच्या सगळ्या वर्गीकरणाचा पाया आहे, म्हणून ती डोळ्यांनी बघायला एक प्रयोग करा.

शिवडीकडचा किंवा माहीमच्या बाजूचा खाडीचा चिखल हातमोजे घालून आणा, वरचा अर्धा सेंटिमीटर पुरे. उथळ ताटलीत पसरा, वर लेन्स पुसायचा पातळ कागद अंथरा आणि खिडकीत उजेडाला ठेवा. दोनेक तासांत चिखलातले सरकणारे डायटम उजेडाकडे वर येतात आणि कागदात शिरतात. कागद अलगद उचलून थेंबभर पाण्यात झटका आणि ते पाणी बघा. नॅव्हिक्युला, निट्झशिया, इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला गायरोसिग्मा असे दिसतील, जवळजवळ सगळे रॅफीवाले. खाली उरलेल्या चिखलात गोल चकत्या आणि बिनफटीच्या दांड्या मिळतील. म्हणजे एका कागदाने तुमच्यासाठी वर्गीकरणाची पहिली चाळण लावून दिली.

कवच मोकळं करणं

पेशीतला जीवद्रव्याचा भाग गेल्याशिवाय नक्षी दिसत नाही. प्रयोगशाळेत नायट्रिक किंवा सल्फ्युरिक आम्ल वापरतात. घरी ते नको. मेडिकलमध्ये मिळणारं सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड नमुन्याच्या दुप्पट घाला आणि आठवडाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. झाकण सैल ठेवा. मी एकदा घट्ट लावलं होतं, आणि पहाटे स्वयंपाकघराच्या ओट्यावर काय झालं ते आईला विचारा.

समुद्रकिनाऱ्याच्या नमुन्यात शिंपल्यांचा चुरा असतो. त्यात आधी पांढरं व्हिनेगर घालून फेस थांबेपर्यंत ठेवा. मग डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं: कवचं रात्रभर तळाशी बसू द्यायची, वरचं पाणी ड्रॉपरने काढायचं, नवं घालायचं, असं चार-पाच वेळा. मिठाचे स्फटिक राहिले तर स्लाइडवर तेच तेवढे सुंदर दिसतात.

तळाचा गढूळ थेंब आच्छादन काचेवर वाळवा. इथे एक घोळ होतो. नवीन मंडळी स्वच्छ कवचं पुन्हा पाण्यातच बघतात आणि काहीच दिसत नाही म्हणून वैतागतात. कवचाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं माप, साधारण १.४३ आणि पाण्याचा १.३३. दोन्ही इतके जवळ की कवच पाण्यातल्या बर्फासारखं विरून जातं. सुरुवातीला काच उलटी करून कोरडंच बघा, हवेत नक्षी झकास उठते. कायमची स्लाइड करायची तर १.७ च्या आसपास अपवर्तनांक असलेलं नॅफ्रॅक्ससारखं माध्यम लागतं. कॉलेजात सर्रास मिळणारं डीपीएक्स हे माध्यम १.५२ चं आहे. काम चालतं, पण बारीक रेघा फिक्या पडतात.

तुलना: कुठल्या क्रमाने बघायचं

डोळा आधी आकाराकडे जातो. होडी, चकती, काडी. आकारावर सगळ्यात कमी विश्वास ठेवा आणि तो सगळ्यात शेवटी लिहा. माझ्या वहीत पहिला रकाना रॅफीचा आहे.

रॅफी आहे का, आणि असली तर कुठे? नॅव्हिक्युला आणि पिन्युलॅरियात ती मधोमध असते: दोन रेषा, मध्यावर एकमेकींजवळ येऊन थांबलेल्या. निट्झशियात ती कडेला उंचवट्यावर सरकलेली असते. तिथे फट सहज दिसत नाही, पण तिला आतून जोडणारे टाके मण्यांच्या ओळीसारखे दिसतात. ती ओळ बघायची. सुरिरेलात फट पूर्ण कडेने फिरते. युनोशियात ती टोकांपाशी इवलीशी. सिम्बेला आणि गोम्फोनेमात पुन्हा मध्यभागी, पण सिम्बेला पाठीला बाक काढून बसलेला आणि गोम्फोनेमाचं एक टोक जाड, एक बारीक.

कोकोनीस जरा निवांत बघण्यासारखा आहे. समुद्री शेवाळाच्या पात्यांवर तो खवल्यासारखा चिकटलेला असतो. स्वच्छ केल्यावर त्याचे दोन व्हॉल्व्ह सुटे होतात. एकावर रॅफी, दुसऱ्यावर नाही, रेघांची नक्षीही वेगळी. आकार आणि माप जुळतं म्हणूनच ते एकाच करंड्याचे आहेत हे कळतं. सुट्या स्लाइडवर बघणारा त्याला बिनफटीचा समजून भलत्याच कुळात टाकतो. मग ही एक फट गेली कुठे? अकनॅन्थिस या अशाच एकफटी गटात कवच तयार होतानाचे टप्पे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले आहेत. तिथे दोन्ही व्हॉल्व्हवर फट घडायला सुरुवात होते आणि नंतर एका बाजूची सिलिकाने बुजवली जाते. म्हणजे पूर्वज दोन फटींचा होता. एक बाजू दगडाला चिकटून चालायचं ठरल्यावर वरची फट बिनकामाची झाली, पण बांधकामाची जुनी रीत सुटली नाही. उत्क्रांती कवचात वाचता येते म्हणतात ती अशी.

रॅफी नसेल तर दुसरा प्रश्न: छिद्रांच्या रेघा निघतात कुठून? मधल्या बिंदूपासून चहूकडे फाकत असतील तर तो केंद्री गट. लांबीत जाणाऱ्या कण्यापासून दोन्हीकडे निघत असतील तर बिनफटीचा लांबट गट. पवईत मिळू शकणारा उलनारिया, किनाऱ्यावरचा थॅलॅशिओनेमा आणि मला फसवणारा ग्रॅमॅटोफोरा हे या दुसऱ्या गटातले.

तिसरं, नळ्या. कवचाच्या आतल्या बाजूला ओठांसारखी फट असलेली एक नळी असते, रायमोपोर्चुला. ती बऱ्याच केंद्री डायटममध्ये आणि बिनफटीच्या लांबट डायटममध्येही सापडते. दुसरी नळी फल्टोपोर्चुला, तिच्याभोवती टेकू दिल्यासारखी छोटी छिद्रं असतात. ही थॅलॅशिओसिरा, सायक्लोटेला, स्केलेटोनेमा यांच्या कुळापुरतीच आहे. तिच्यातून कायटिनचे धागे बाहेर पडतात, आणि थॅलॅशिओसिराच्या चकत्या अशाच धाग्याने माळेत ओवलेल्या असतात. साध्या सूक्ष्मदर्शकात या नळ्या ठिपक्यांएवढ्याच दिसतात, खात्री इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानेच होते. तरी ठिपके कुठे आहेत, कडेला की मध्यावर, हे टिपून ठेवा.

आकार का फसवतो ते इथे कळतं. समुद्राच्या पाण्यातली कोस्किनोडिस्कसची चकती आणि थॅलॅशिओसिराची चकती शेजारी ठेवा. दोन्ही गोल, दोन्हीवर मधाच्या पोळ्यासारखी घरं. सख्ख्या बहिणी वाटतात. पण कोस्किनोडिस्कसला फल्टोपोर्चुला नाही, आणि थॅलॅशिओसिराचं नातं गोड्या पाण्यातल्या सायक्लोटेलाशी जुळतं. डीएनएवर आधारलेल्या बहुतेक वंशवृक्षांत तर थॅलॅशिओसिरा या गोल कोस्किनोडिस्कसपेक्षा लांबट होड्यांच्या जवळ बसते.

चौथं, रेघा मोजणं. १० मायक्रॉनमध्ये किती रेघा, आणि त्या मध्यापाशी फाकलेल्या, समांतर की आत वळलेल्या. यासाठी स्टेज मायक्रोमीटरने, म्हणजे बारीक मोजपट्टी कोरलेल्या काचपट्टीने, आयपीसमधली पट्टी एकदा जुळवून घ्या. काय दिसणार नाही हेही ठाऊक हवं. ४० एक्स, ०.६५ एनएच्या (एनए म्हणजे भिंगाची बारकावे सुटे दाखवण्याची ताकद, भिंगावरच लिहिलेली असते) भिंगाला साधारण अर्ध्या मायक्रॉनखालचं अंतर सुटं दिसत नाही. म्हणजे १० मायक्रॉनमध्ये वीसेक रेघांपर्यंत मजल. १०० एक्सच्या तेलाच्या भिंगाने ती ३५ च्या पुढे जाते. त्यापलीकडे कवच गुळगुळीत भासेल, आणि वहीत 'रेघा नाहीत' असं न लिहिता 'रेघा दिसल्या नाहीत' असं लिहायचं.

एकच कवच मोजू नका

डायटमच्या वाढीत एक गंमत आहे. पेशी दुभंगते तेव्हा दोन्ही लेकींना आईच्या करंड्याचा एकेक भाग मिळतो, आणि दोघीही तो झाकण म्हणून वापरून आत नवा भाग घडवतात. जिच्या वाट्याला आईचा खालचा भाग आला ती आईपेक्षा लहान राहते. पिढ्यान्‌पिढ्या सरासरी माप घटत जातं. मॅकडोनल्ड आणि फिट्झर यांनी हे १८६९ च्या सुमारास मांडलं. फार लहान झाल्यावर बहुतेक जातींत लैंगिक प्रजनन होतं, त्यातून तयार झालेली पेशी, ऑक्सोस्पोर, फुगते आणि पुन्हा मोठं कवच घडतं.

आपल्यासाठी याचा अर्थ असा की लांबी झपाट्याने घटते, रुंदी त्यामानाने कमी. एकाच जातीची मोठी पेशी सुळसुळीत होडी आणि लहान पेशी आखूड, गुबगुबीत दिसते. रेघांची घनता मात्र फारशी बदलत नाही. म्हणून एका नमुन्यातली सारखी वाटणारी पंचवीस-तीस कवचं मोजा, फोटो काढा आणि मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत लावा. ओळ सलग उतरली तर एक जात मानायला हरकत नाही. मध्येच रेघांचा आकडा उडी मारत असेल तर थांबा, तिथे दोन असाव्यात. उलटही होतं. सेलाफोरा प्युप्युला ही एकच जात समजली जायची. बारकाईने पाहिल्यावर आणि त्यांचा आपसात संकर होतो का हे तपासल्यावर तिच्यात अनेक जाती निघाल्या.

वंशवृक्षावर मांडणी

१९९० साली राउंड, क्रॉफर्ड आणि मान यांनी मुख्यतः कवचाच्या आधारे तीन वर्ग केले: केंद्री, बिनफटीचे लांबट आणि रॅफीवाले. शिकायला ही मांडणी अजूनही सगळ्यात सोपी आहे. नंतर डीएनए आला आणि पहिल्या दोन वर्गांना तडे गेले. रॅफीवाले एका पूर्वजाचे वंशज ठरतात. बाकीचे दोन वर्ग म्हणजे जिन्याच्या पायऱ्या आहेत, कुळं नाहीत. कारण 'रॅफी नाही' हे काही नातं नव्हे. मुंबईत ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही ते सगळे एकमेकांचे भाऊबंद, असं म्हणण्यासारखं ते झालं.

जीवाश्मांचा क्रम याला जुळतो. चांगल्या स्थितीतली सर्वांत जुनी कवचं सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीची, क्रिटेशस काळाच्या पूर्वार्धातली, आणि ती केंद्री आहेत. बिनफटीचे लांबट त्याच काळाच्या अखेरीकडे दिसू लागतात, रॅफीवाले त्यांच्यानंतर. बँडस्टँडला ज्या ज्वालामुखीच्या खडकावर तुमचा पाय घसरला तो साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. त्यावर वाढणाऱ्या गोल चकत्यांचं घराणं खडकापेक्षा कितीतरी जुनं.

नावाकडे येताना

मुंबईकरांचं नशीब बरं आहे. गोन्साल्विस आणि गांधी यांनी १९५२ ते १९५४ दरम्यान मुंबई आणि साष्टीतल्या डायटमची पद्धतशीर नोंद तीन भागांत प्रसिद्ध केली. पुढे गांधींनी कोल्हापूर, पन्हाळगडाचे डायटमही अभ्यासले. त्यातली चित्रं आजही उपयोगी आहेत, नावं मात्र बरीच बदललीत. त्या काळची सिनेड्रा उल्ना आता उलनारिया, मेलोसिरा ग्रॅन्युलाटा आता ऑलाकोसिरा. नॅव्हिक्युला तर मोठी वखार होती, तिच्यातून सेलाफोरा, ल्युटिकोला, क्रॅटिक्युला असे संसार वेगळे झाले. यातले बरेचसे बदल कवच जास्त बारकाईने बघितल्यामुळे झाले, म्हणजे तुम्ही आत्ता जे शिकताय त्यामुळेच. जुनं नाव सापडलं की अल्गीबेस या शैवालांच्या नावांच्या संकेतस्थळावर आजचं नाव बघून घ्या. परदेशी संकेतस्थळांवरचे फोटो देखणे असतात, पण तिथलं जातीचं नाव पवईच्या कवचाला डकवू नका. वंशापर्यंत, म्हणजे नावातल्या पहिल्या शब्दापर्यंत, थांबा. अडलंच तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर काम चालतं. तिथे नेमके प्रश्न आणि मोजमापं घेऊन जा, नुसता फोटो नको.

स्लाइडच्या चिठ्ठीवर जागा, तारीख, पाणी, माध्यम आणि नमुना क्रमांक लिहा. माझ्या वहीत त्यापुढे आणखी एक रकाना आहे, ब्रश क्रमांकाचा. ग्रॅमॅटोफोराची ती पवईची स्लाइड मी टाकलेली नाही. तिच्या चिठ्ठीवर लाल पेनाने 'ब्रश १, वांद्रे' असं लिहिलंय.